विशू आमच्याकडं आहे

कसबे डिग्रज,
९ सप्टेंबर २०२५

सौ. राहीबाईताईंना,

गुणमालाचा नमस्कार आणि जयजिनेंद्र. मानसिंगरावांनाही सांगा, ते ऐकून घेणार असतील तर.

माझं अक्षर बघून तुम्ही पत्र फाडायच्या आत मुख्य ते सांगून टाकते. विशू आमच्याकडं आहे. जिवंत आहे, जेवतो आहे, आत्ता माझ्यासमोर पडवीत झोपला आहे. आता निवांत वाचा.

तुम्ही माझा फोन घेत नाही म्हणून लिहायला बसले. रागानं लिहीत नाही. आमचं पर्युषण नुकतंच संपलं. ते संपल्यावर कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची आमची रीत आहे. गेल्या वर्षी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही आवाज ऐकून ठेवलात. यंदा कागद पाठवते. कागद ठेवून दिला तरी माणूस पुन्हा कधीतरी उचलतो.

विशू कसा आला ते सांगते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी हे रानातून येत होते. एसटी स्टँडच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं. हे पुढं गेले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, मागं वळले. घरी आणलं तेव्हा मीही ओळखलं नाही बघा. तोंड सुजलेलं, पोट सुटलेलं, हात कापत होते. तुमच्या पोराच्या पिंढऱ्या बघून आमच्या तालमीतली पोरं लाजायची, तो हा? "काकी, पाणी दे," म्हणाला, तेव्हा आवाजावरून कळलं.

मी म्हटलं, आत ये आधी.

तर उंबऱ्याबाहेरच थांबला. "न्हाई काकी. मी प्यालोय. तुझं पर्व चाललंय. मी भाईरच बसतो."

ताई, स्वतःच्या कपड्यांची शुद्ध नसलेल्या पोराला माझं पर्व लक्षात होतं. ह्यांनी त्याला गोठ्यामागच्या नळावर आंघोळ घातली, आपला सदरा दिला. मग आत येऊन जेवला. नुसता आमटीभात, तोही दोनदा मागून घेतला. आषाढात घर सोडल्यापासून कुठं कुठं होता ते मी विचारलं नाही. हे म्हणाले, सांगायचं तवा सांगंल.

तुम्ही म्हणाल, ही बाई कशाला एवढं करते. त्याचं उत्तर मला नीट देता येणार नाही. तो पहिल्यांदा आमच्या दारात आला ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? तो पडून आला होता. इस्लामपूर रस्त्यावर पोरांची सायकलची शर्यत होती. आमच्या फाटकासमोर एका म्हशीला चुकवताना हा कोसळला. गुडघा, कोपर, सगळं सोलून निघालेलं. मी हळद लावायला गेले तर हा विचारतोय, "काकी, माझ्या पुढं किती जण गेलं?" तेवढ्यात त्याचे नाथाजी सर आले. पोर कोरेगाव तालुक्यातलं, सरावासाठी सांगलीत राहायला जागा शोधतंय, म्हणाले. आमची ब्राह्मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन बेळगावला गेली होती. वरची खोली मोकळी होती.

नाथाजी सरांनी पहिल्याच आठवड्यात अंडी घेऊन पाठवलं. मी पिशवीसकट परत धाडली. ते स्वतः आले भांडायला. "अहो ताई, ताकद कुठनं येणार पोराला?" मी म्हटलं, आमच्या घरात बैल काय अंडी खाऊन नांगर ओढतात? मग खपली गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी, भिजवलेले मूग, नाचणी, आणि म्हशीचं दूध. सर हसत होते. जिल्ह्याच्या शर्यतीत विशू पहिला आला तेव्हा तेच सर घरी येऊन खीर खाऊन गेले. त्या सालीच तुम्ही त्याच्याबरोबर पिशवीभर आलं पाठवलं होतंत, आम्ही आलं खात नाही हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार. मी ते शेजारी दिलं आणि तुम्हाला "चहा फार छान झाला" असा निरोप पाठवला. तेवढं खोटं मी बोलले आहे तुमच्याशी.

चूर्णाचं तुमच्या मनात आहे, ते मला माहीत आहे. ते आज राहू द्या.

त्याला लगेच न्यायला येऊ नका. हात कापायचे थांबू दे. सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं आहे, गोळ्या चालू आहेत. तुम्ही काळजीत असाल म्हणून एवढंच पुन्हा लिहिते, तो जेवतो आहे.

आपली,
सौ. गुणमाला बाळगोंडा पाटील


कसबे डिग्रज,
४ ऑक्टोबर २०२५

राहीबाईताई,

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी, पण तुमच्या हाताच्या. आधी विशूला वाचायला दिलं. तो कागद घेऊन द्राक्षाच्या बागेत गेला आणि संध्याकाळी आला.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, तो पितो का.

खरं सांगते. मधे एकदा प्यायला. तिसरा आठवडा होता. हे बाजारात गेले होते, मी देवळात. हा ह्यांची स्कूटर घेऊन आष्ट्याला गेला आणि येताना उसाच्या सरीत घातली. लागलं नाही फारसं. उसातून त्याला चालत येताना बघितलं आणि मला इतका राग आला की दार लावून घेतलं. बाहेरून म्हणतो, "काकी, मला हाकलून दे. सगळ्यांनी दिलंय, तू बी दे." मी आतूनच म्हटलं, तुला हाकलायला मी दार उघडलं तर तू आत येशील, म्हणून उघडत नाही. मग दोघंही हसलो, आणि मग तो लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून नाही. पुढचं मी शपथेवर सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. घाम, उलट्या, अंगावर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. हे त्याच्या पायाशी बसून राहायचे. साठी उलटलेला माणूस, पण कंटाळले नाहीत. आता बागेची छाटणी चालू आहे, त्यात विशू मजुरांबरोबर उतरतो. दम लागतो. सायकलवर पन्हाळ्याचा घाट चढून आल्यावर जो शिट्टी वाजवत जेवायला बसायचा, तो चार ओळी छाटल्या की बांधावर बसतो. बघवत नाही, पण बसून पुन्हा उठतो, तेवढं बघते.

त्याचं हे कुठं सुरू झालं, असं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या मनात असणार. मला वाटतं, जिंकायला लागल्यावर. रेल्वेत नोकरी लागली तोवर आमचा विशू होता. मग पुण्याच्या खाजगी संघानं करार केला, नाथाजी सर मागं पडले, दुबई, थायलंड सुरू झालं. परत आला की चौकाचौकात ह्याचे फ्लेक्स. त्यावर ह्याच्या फोटोखाली ज्यांचे फोटो, ती सगळी रोज हॉटेलात ह्याच्याबरोबर. मोटार आली. सकाळी पाचला उठणारं पोर दहाला उठायला लागलं, आणि तरी शर्यती जिंकत होतं. मला अडाणीला तेव्हाच कळायला हवं होतं, की झोपून कुणी जिंकत नसतं.

अंकिताचं तर तुमच्यासमोरच झालं. सोन्यासारखी पोरगी. साखरपुडा झालेला, आणि हा भरदुपारी झोकांड्या खात साताऱ्याला तिच्या वडिलांच्या दारात. परवा मला म्हणाला, "काकी, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं निस्ता ताट झाकून ठेवलं आणि आत गेली."

आता दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंत, "तुमच्या देवाची शपथ घेऊन सांगा, त्या चूर्णात काय घातलं होतं."

शपथ आम्ही घेत नाही, पण सांगते. खारीक, डिंक, सुंठ (ती वाळलेली म्हणून आम्हाला चालते), अळीव, बदाम, खडीसाखर. घरच्या जात्यावर दळलेलं. ब्राह्मीच्या बाळंतपणात हेच केलं होतं. खेळाडूंच्या उत्तेजकांची चौकशी करणाऱ्या दिल्लीवाल्यांनी चूर्णाचा डबा मागवून तपासला. त्यात काही निघालं नाही, तसं त्यांनी लिहूनही दिलं. पेपरवाल्यांनी "घरमालकिणीच्या चूर्णात भेसळ?" एवढं मोठं छापलं होतं, हे दुसरं काही छापलं नाही. तुमच्यापर्यंत ते पोचलं नसेल.

यापुढं तुम्ही विचाराल, मग त्याच्या लघवीत औषध आलं कुठून. मी त्याचं उत्तर देणार नाही, ताई. विशू रोज माझ्या मागं लागलाय, "काकी, तूच लिही आईला. मला जमत न्हाई." मी त्याला म्हटलं, जेवलास काय, झोपलास किती, सगळं मी लिहीन. हे मात्र तू तोंडानं सांगायचंस.

दिवाळीला त्याला पाठवते. त्याचं ऐकून घ्या. मधे उठू नका. आणि मानसिंगरावांना म्हणावं, फौजेत तुम्ही जखमी माणसाला आधी पाणी पाजत होता, मग नाव विचारत होता.

आपली,
गुणमाला


कसबे डिग्रज,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय राहीबाईताई,

काल तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात आणि रडायला लागलात, मग मीही. तुमचे पैसे फुकट गेले. म्हणून नीट लिहून उत्तर देते.

तुम्ही म्हणालात, "तुमाला ठावं होतं. मग दोन वर्सं माज्या शिव्या का खाल्ल्या?"

होय, मला ठाऊक होतं. विशूनं आता सगळं सांगितलंय म्हणता, तरी माझ्याकडून ऐका. शेवटच्या वर्षी तो दुबईहून आला तेव्हा एक स्टीलचा डबा घेऊन आला. "काकी, लोहाचं औषध हाय. थंडच ठेवावं लागतंय." मी तो फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, दह्यामागं ठेवला. ज्या फ्रिजमध्ये मी कधी अंडं येऊ दिलं नाही. मला काही वाटलं नाही, पोरगं दमतंय, लोह घेत असेल. एकदा डबा पुसायला काढला तर आत बारक्या बाटल्या आणि सुया. ब्राह्मी फार्मसी शिकलेली आहे. तिला फोनवर नाव वाचून दाखवलं, अक्षर अक्षर लावून. ती म्हणाली, "आई, हे मूत्रपिंडाच्या पेशंटांना देतात, रक्त वाढायला. सुदृढ माणसानं घेतलं तर रक्त घट्ट होऊन जीव जाईल."

तो आल्यावर मी डबा त्याच्यासमोर ठेवला. रागावला नाही. खाली बघत म्हणाला, "सगळे घेत्यात काकी. संघाचा डॉक्टरच देतोय. न घेणारा मागं ऱ्हातो."

मी म्हटलं, "मग मागं राहा की. मागं राहिलेल्या माणसाला मी जेवायला घालणार न्हाई का?"

तो डबा उचलून घेऊन गेला. पुन्हा आमच्या घरात तो डबा आला नाही, आणि हळूहळू विशूही येईनासा झाला. पुढं तीन महिन्यांनी तो तपासणीत सापडला. करार गेला, नोकरी गेली, पदकं परत मागितली, चार वर्षं बंदी. वकिलानं त्याला सांगितलं, कुणावर तरी ढकल, शिक्षा कमी होईल. डॉक्टरचं नाव घेतलं असतं तर संघानं उभं केलं असतं का त्याला पुन्हा? माझं नाव घेतलं तर कोण विचारणार होतं. मला दिल्लीहून फोनवर विचारलं, तुम्ही चूर्ण देत होता का? मी म्हटलं, होय. त्यात काही मिसळलं का? नाही. त्या स्टीलच्या डब्याचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

गावात काय झालं ते तुम्हाला आजवर लिहिलं नव्हतं. चातुर्मासात मुनी महाराज गावात असतात, त्यांच्या आहारासाठी बायका सोवळ्यानं स्वयंपाक करतात. पंचवीस वर्षं त्या चुलीपाशी मी असायची. पेपरात ते आल्यावर मला कुणी बोलावलं नाही. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं बोलावलं नाही. मी देवळात जायची, मागं बसायची, घरी यायची. तुमच्या शिव्यांपेक्षा ते जड गेलं, हे आज सांगते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही तेव्हा फोनवर मला म्हणाला होतात, "माझा पोरगा दारू पिईल, मोटार फोडील, पण खोटं खेळायचा न्हाई. तुमीच घात केला." मी तोंड उघडणार होते. पण माझ्या लक्षात आलं, की ह्या बाईकडं आता एवढंच उरलंय. लग्न मोडलं, नोकरी गेली, नवरा पोराचं नाव घेऊ देत नाही. पोरगा खोटं खेळला नाही, एवढ्या एका गोष्टीला धरून ही उभी आहे. ती मी काढून घेतली तर तुम्ही कशाला धरणार होता? माझ्याकडं हे होते, ब्राह्मी होती, घर होतं. माझं भागत होतं. मी काही मोठी साध्वी नाही, ताई. पुष्कळदा तुमचाही राग आला. दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि चुलीत घातलं.

विशूचं मात्र मला नवल वाटतं. पाडव्याला तुमच्याकडं निघायच्या आधी तो आंघोळ करून देवळाकडं गेला. मला वाटलं, एसटीची वेळ विचारायला गेला असेल. तो गेला होता बनुबाईंकडं. त्या आमच्या देवळातल्या सगळ्यात मोठ्या, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. पायरीवर चार बायकांसमोर त्यांना म्हणाला, "आज्जी, काकीच्या चूर्णात काय नव्हतं. औषध मीच घेत होतो. शिक्षा कमी व्हावी म्हणून मी तिचं नाव घातलं." आणि उत्तराला न थांबता एसटीत बसला. मला हे सगळं त्या चौघींपैकी एकीकडून कळलं. मग बनुबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या. माफी वगैरे मागणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "उद्या पीठ तू दळ, तुझं बारीक येतं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना बसायला पाट दिला आणि आत जाऊन तोंडाला पदर लावला.

तुमच्या घरी काय झालं ते विशूनं फोनवर सांगितलं. बोलायला सुरुवात केली तेव्हा तुमच्या हातात करंज्यांचं ताट होतं, आणि तो संपवेपर्यंत तुम्ही ते खाली ठेवलं नाहीत. मानसिंगराव उठून रानात गेले. सांजेला आले, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "उद्या सोयाबीनची मळणी हाय. लवकर ऊठ." ताई, त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून यापेक्षा जास्त काय येणार? मी ते ह्यांना सांगितलं, तर हे किती तरी वेळ नुसते मान हलवत होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते शेवटाला आलं.

विशू म्हणतोय, पुढच्या आठवड्यात परत डिग्रजला येतो, छाटणीनंतरची कामं आहेत. मी त्याला नको म्हटलं आहे. तुम्हीही पाठवू नका. बंदी उठायला अजून दोन वर्षं आहेत, तोवर त्याला शर्यत नाही, कुणाला शिकवताही येत नाही. त्यानंतरही सायकलवर बसेल की नाही, कोण जाणे. ही वर्षं त्यानं लपून काढू नयेत. तुमच्या गावात, ज्यांनी त्याचे फ्लेक्स लावले त्यांच्या समोरून, बापाबरोबर रानात जाताना दिसू दे. लोक बोलतील. तो ऐकेल. संध्याकाळी घरी येईल, तेवढं तुम्ही बघा. मोठ्या बाजाराच्या दिवशी त्याला एकटा कोरेगावात पाठवू नका, गोळ्या सकाळी जेवल्यावर, आणि आरशात बघून गप्प बसला की काहीतरी काम सांगा. ह्यापलीकडं मला काही माहीत नाही.

वरच्या खोलीत त्याचे कपडे आहेत, ते ह्यांच्याबरोबर पाठवते. खोली झाडून घेतली. मोठी वाटते. हे म्हणतात, भाड्यानं देऊ. बघू.

तुम्ही फोनवर माझ्या पाया पडायला येते म्हणालात. तसं काही करू नका. यायचंच असेल तर चार दिवस राहायला या, आपण दोघी नरसोबाच्या वाडीला जाऊ, तुमचा देव आहे तिथं आणि मला नदी बघायला आवडते. तिथं घाटावर बसून तुम्ही मला त्याच्या लहानपणचं सांगा. वयाच्या पंधराव्या वर्षाआधीचा विशू मला ठाऊक नाही. तो तेवढा तुमच्याचकडं आहे.

त्याला आता ठेवून घ्या, ताई.

तुमची,
गुणमाला